शिकारीच्या खेळात लांडगा असावा का, आणि असला तर कसा?

गेमवाली_गोरेगाव (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गोरेगाव पूर्वेला आमचा आठ जणांचा लहानसा स्टुडिओ आहे आणि गेली तीन वर्षे आम्ही संगणकावर खेळायचा शिकारीचा एक खेळ तयार करत आहोत. धडाधड गोळीबाराचा हा खेळ नव्हे. वाऱ्याची दिशा पाहून, माग काढत, तासभर एका जागी बसून राहण्याची ज्यांची तयारी असते अशा खेळाडूंसाठी तो आहे. सध्या त्यात दोन नकाशे आहेत. पहिला नकाशा अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या धर्तीवरचे एक कल्पित खोरे आहे आणि तिथे परवाना घेऊन एल्क व इतर हरणांची शिकार करता येते. दुसरा नकाशा आपल्या बारामती-इंदापूरकडच्या माळरानावर बेतलेला आहे. तिथे खेळाडूच्या हाती बंदूक नाही, फक्त कॅमेरा आहे, कारण आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे हे आम्ही पहिल्या दिवशीच मान्य करून टाकले होते.

गाडी अडली आहे ती लांडग्यापाशी. चाचणी आवृत्ती खेळणाऱ्यांची सर्वांत मोठी मागणी लांडग्याची आहे, आणि आमच्या परदेशी प्रकाशकाला तो दोन्ही नकाशांत, दोन्हीकडे बंदुकीसह आणि दिवाळीपूर्वी हवा आहे. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही एक कच्चा प्रयोग करून पाहिला. बाजारातून लांडग्याचे तयार मॉडेल विकत घेतले, ते आमच्या कोल्ह्याच्या हालचालींच्या सांगाड्यावर चढवले, कोल्ह्याच्या ‘सावध’ आणि ‘पळणे’ या दोन अवस्थांपुढे ‘हल्ला’ ही तिसरी अवस्था जोडली आणि पाच लांडगे झाडीत सोडले. आधी दूरवर हुऽऽ असा आवाज, मग शांतता, आणि मग तीन बाजूंनी एकदम झडप. खेळून पाहणारा मुलगा अक्षरशः खुर्चीतून उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त आमच्या चित्रकाराने. तो सोलापूरकडचा आहे. तो एवढेच म्हणाला की, हा वासराएवढा, बर्फातला, राखाडी लांडगा आमच्या भागात कोणी पाहिलेला नाही, आणि माणसावर असा धावून जाणारा लांडगा तर त्याच्या आजोबांनीही पाहिला नव्हता. तेव्हापासून स्टुडिओत दोन तट पडले आहेत.

म्हणून जाणकारांना विचारते. खेळात लांडगा मारता येत असेल, तर प्रत्यक्षातल्या लांडग्याच्या संरक्षणाला त्याने खरोखर बाधा येते का, की ही आमची उगाचची धास्ती आहे? आणि मारता येणार नाही असा लांडगा ठेवला, तर तो निव्वळ शोभेचा होऊन बसेल का?

निशाचर_प्लेअर

धास्ती उगाचची आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. ‘द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड’ हा खेळ 2017 साली आला. पुढच्याच वर्षी युकॉनच्या नकाशासोबत त्यात राखाडी लांडगा आला आणि 2019 मध्ये स्पेनच्या नकाशात आयबेरियन लांडगा आला. मी दोन्ही नकाशे विक्रोळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून रात्र-रात्र खेळलो आहे आणि त्यामुळे प्रत्यक्ष प्राण्यावर बंदूक रोखावी असे मला कधी वाटलेले नाही. उलट, वारा कुठून वाहतो याकडे मी आता शिवाजी पार्कातसुद्धा लक्ष देतो.

मात्र खेळाडू म्हणून एक तक्रार जरूर नोंदवतो. साहसी खेळांमध्ये लांडगा म्हणजे पाच-पाचच्या टोळीने येऊन मरणारे भरताड झाले आहे. खेळ लिहिणाऱ्यांना पुढे काय घडवावे हे सुचले नाही की ते लांडगे सोडतात. याच्या अगदी उलट टोकाचा ‘वुल्फक्वेस्ट’ मी माझ्या भाचीला दिला होता. अमेरिकेतील मिनेसोटा प्राणिसंग्रहालय आणि शैक्षणिक खेळ बनवणारी एज्युवेब कंपनी यांनी तो 2007 मध्ये काढला. त्यात खेळाडू स्वतःच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातला लांडगा असतो. भाची दोन दिवसांनी रडवेली होऊन म्हणाली, “मामा, एल्क दर वेळी निसटतो, पिल्ले उपाशी आहेत.” लांडगा बहुतेक वेळा रिकाम्या तोंडाने परततो हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. तेव्हा शोभेचा होईल ही भीती बाळगू नका. खेळ चांगला असेल तर बंदुकीवाचून काही अडत नाही.

माळरान_मुक्काम

आपल्या चित्रकाराला माझा नमस्कार सांगावा. मी मूळचा डोंबिवलीचा असलो तरी नोकरीमुळे पुण्यात असतो आणि गेली दहा वर्षे सुट्टीचे दिवस सासवड, सुपे, इंदापूर या पट्ट्यातल्या माळांवर काढतो. माझे उत्तर निशाचर यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. लांडगा खेळात मारता येतो की नाही, हा मुद्दा मला दुय्यम वाटतो. तो मारला जाण्यापूर्वी पडद्यावर काय करतो, यावर सगळे अवलंबून आहे. आपल्या वर्णनातली बंदूक मला खटकली नाही. खटकली ती ‘हल्ला’ ही तिसरी अवस्था.

नॉर्वेतील निसर्ग संशोधन संस्थेने 2021 मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात 2002 ते 2020 या काळात लांडग्यांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांच्या जगभरच्या विश्वासार्ह नोंदी तपासल्या आहेत. त्या एकोणीस वर्षांत 489 जण हल्ल्यात सापडले, आणि त्यांतील 380 जणांच्या बाबतीत लांडगा पिसाळलेला होता. मृत्यू 26 झाले. युरोप आणि उत्तर अमेरिका मिळून मृत्यूंची संख्या दोन आहे. आपले पहिले खोरे ज्या खंडात आहे तिथल्या साऱ्या लांडग्यांनी एकोणीस वर्षांत जे केले, त्याहून अधिक माणसे आपल्या पाच लांडग्यांनी एका दुपारच्या चाचणीत मारली असतील.

हे सांगताना आपल्या देशाचा अपवाद लपवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. पूर्व उत्तर प्रदेशात 1996 मध्ये आणि पुन्हा 2024 च्या पावसाळ्यात बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी लहान मुले उचलून नेली. ज्या घरांना दार नाही, जिथे मुले अंगणात झोपतात, तिथे हे घडले. त्या घरांतल्या माणसांना ‘लांडगा बिचारा लाजाळू असतो’ असे मुंबई-पुण्याहून सांगण्याचा अधिकार मला नाही. पण तिथेही लांडगा अंधारात, एकट्या लहान मुलापाशी, चोरपावलांनी आला. बंदूक घेतलेल्या धडधाकट माणसावर तीन बाजूंनी चालून जाणारी टोळी ही लेखकाच्या टेबलावर जन्मलेली आहे.

आता प्रत्यक्षात तो कसा दिसतो ते सांगतो. जानेवारीत पहाटे आम्ही तिघे सुप्याच्या बाजूला एका बांधाआड बसलो होतो. कुसळी गवत दवाने लवले होते. सुमारे दोनशे पावलांवरून एक लांडगा दुडक्या चालीने जात होता. पाठ सरळ, डोके खांद्यांच्या रेषेत, आणि पुढच्या पायाच्या ठशात मागचा पाय इतका नेमका पडत होता की नंतर पाहिले तेव्हा मातीत एकाच ओळीत ठसे उमटले होते. आमच्यापैकी एकाला शिंक आली. लांडगा थांबला नाही, धावला नाही, फक्त वळण घेऊन दूर गेला. चढावर पोहोचल्यावर मात्र उभा राहिला आणि खांद्यावरून मागे वळून त्याने आमच्याकडे पाहिले. ते मागे वळून पाहणे आपल्या ॲनिमेशनमध्ये घ्या, मग हल्ल्याची गरजच वाटणार नाही. कोल्ह्याचा सांगाडा मात्र वापरू नका. कोल्हा तुरुतुरु चालतो, लांडगा वाट कापतो. आणि आपला लांडगा उत्तरेकडच्या लांडग्याच्या निम्म्या वजनाचा असतो: साधारण वीस किलो, अंगावर लोकर कमी, पाय उंच, रंग वाळलेल्या गवताचा. बाजारातले ते बर्फाळ मॉडेल माळरानावर उभे केलेत तर उन्हाळ्यात त्याला घाम फुटेल.

कोल्हेकुई आणि लांडग्याचे हुंकारणे यांतला फरकही ध्वनी करणाऱ्याला ऐकवा. लांडगा हल्ल्याची वर्दी देण्यासाठी ओरडत नाही. पांगलेल्या कुटुंबाला बोलावण्यासाठी आणि शेजारच्या कळपाला आपली हद्द कळावी म्हणून तो आवाज असतो. कुटुंब हा शब्द मी मुद्दाम वापरला. ‘अल्फा’ लांडगा दरारा गाजवून कळपाचा राजा होतो ही कल्पना प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या लेखनातून पसरली, आणि त्यांनी पाहिलेले लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांनी ती कल्पना आधी उचलून धरली आणि 1999 मध्ये स्वतःच खोडून काढली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची दोन-तीन विणींची पिल्ले. आपल्याकडे तर अनेकदा नुसती जोडीच दिसते. आपल्या खेळात ‘अल्फा’ मारला की बाकीचे शरण येतात असे काही लिहिले असेल, तर ते काढून टाका.

शेवटी संरक्षणाविषयी. इतिहासकार महेश रंगराजन यांनी लांडगे मारल्याबद्दल दिलेल्या सरकारी इनामांच्या नोंदींवरून दाखवले आहे की 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात दोन लाखांहून अधिक लांडगे मारले गेले. आज भारतीय लांडगा सुमारे तीन हजार उरला असल्याचा अंदाज आहे, म्हणजे वाघाच्या आसपासच. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही लांडग्यांची सर्वांत प्राचीन अशी जिवंत शाखा आहे. वाघाच्या नावाने प्रकल्प आहे, पर्यटन आहे, टी-शर्ट आहेत. लांडग्याच्या नावाने काय आहे, तर लचके तोडणे. ज्या माळावर तो राहतो त्या माळाला सरकारी दप्तरात वर्षानुवर्षे पडीक जमीन म्हटले गेले. तिथे झाडे लावली तरी वाहवा, कारखाना काढला तरी वाहवा. आपल्या दुसऱ्या नकाशाने खेळाडूला केवळ इतके जरी कळले की ही जमीन ओसाड नाही, तर पुष्कळ झाले.

कायदेशीर_कांदिवली

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, आणि मग मला ज्यात अधिक रस आहे त्याकडे वळतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार लांडगा पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. कलम 9 शिकारीला मनाई करते आणि कलम 51 नुसार पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान 25,000 रुपये झाला आहे. प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक कलम 11 खाली लेखी कारणे देऊन परवानगी देऊ शकतात. हा कायदा खऱ्या प्राण्यांविषयी आहे. पडद्यावरच्या आकृतीला गोळी घातल्याने त्याचा भंग होत नाही. त्यामुळे प्रकाशकाला ‘कायदा आडवा येतो’ असे सांगू नका, तो दुसरा वकील शोधेल. आजच्या काळातल्या बारामतीत परवान्याची शिकार दाखवणे हे साफ खोटे ठरेल, आणि तुमचा खेळ तर खरेपणावर विकला जाणार आहे, असे सांगा. हा युक्तिवाद कायद्याचा नसून धंद्याचा आहे आणि म्हणूनच तो पटण्याची शक्यता जास्त आहे.

आता मला खरे कुतूहल वाटते ते परवान्याविषयी. तुमच्या खेळात परवाना आहे म्हणता. पण परवाना देणारा कायदा स्थिर नसतो, आणि लांडग्याच्या बाबतीत तर तो आश्चर्य वाटावे इतका हलता आहे. निशाचर यांनी ज्या स्पेनच्या नकाशाचा उल्लेख केला तो 2019 चा. तेव्हा स्पेनमध्ये डुएरो नदीच्या उत्तरेला लांडग्याची शिकार परवान्याने होत होती आणि दक्षिणेला तो संरक्षित होता. सप्टेंबर 2021 मध्ये उत्तरेलाही बंदी आली. मार्च 2025 मध्ये संसदेने उत्तरेचे संरक्षण पुन्हा काढून घेतले, आणि तेही अन्नाची नासाडी रोखण्यासाठी आणलेल्या कायद्यात एक दुरुस्ती घुसवून. (आपल्याकडे हे वाचून कोणाला नवल वाटणार नाही.) अमेरिकेच्या संसदेने 2011 मध्ये आयडाहो आणि मोंटाना येथील लांडग्यांचे संघराज्यीय संरक्षण काढले, तेही अर्थसंकल्पाच्या विधेयकाला शेपूट जोडून. खेळातला आयबेरियन लांडगा मात्र या सगळ्या काळात होता तसाच राहिला.

युरोपचेही तेच. युरोपातील वन्यजीव संरक्षणाच्या बर्न कराराच्या समितीने डिसेंबर 2024 मध्ये लांडग्याला ‘कडक संरक्षित’ यादीतून ‘संरक्षित’ यादीत उतरवले, मार्च 2025 पासून ते लागू झाले आणि पाठोपाठ युरोपीय संघानेही आपला नियम बदलला. संघात वीस हजारांहून अधिक लांडगे झाले आहेत, हे त्यामागचे एक कारण. युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायेन यांचे लाडके तट्टू सप्टेंबर 2022 मध्ये लांडग्याने मारले होते, याची आठवण टीकाकार प्रत्येक चर्चेत काढतात.

तुमच्या कामाचे उदाहरण अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे आहे. लांडग्याचे संघराज्यीय संरक्षण उठताच फेब्रुवारी 2021 मध्ये तिथे घाईघाईने हंगाम उघडला. परवानाधारक शिकाऱ्यांसाठी मर्यादा 119 लांडग्यांची होती. तीन दिवसांच्या आत 218 मारले गेले, कारण हंगाम बंद करण्याच्या चोवीस तास आधी सूचना देणे बंधनकारक होते आणि तोवर बंदुका चालूच होत्या. पुढच्या फेब्रुवारीत न्यायालयाने उत्तर रॉकीचा भाग वगळून अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील संरक्षण पुन्हा लागू केले. खेळ तयार करणाऱ्याला यापेक्षा चांगला कच्चा माल कुठून मिळणार? सर्व खेळाडूंना मिळून एकच मर्यादा ठेवा आणि ती ओलांडली गेली तर काय होते ते त्यांचे त्यांना पाहू द्या. खोऱ्याच्या नकाशावर साल मात्र लिहा. साल नसलेला परवाना हा कागदाचा कपटा असतो.

बिऱ्हाड_घोड्यावर

वरचे सगळे प्रतिसाद नीट वाचले. अभ्यासपूर्ण आहेत. पण ताई, तुमच्या नकाशात माळ आहे, गवत आहे, लांडगा आहे, कॅमेरा आहे. मेंढरे कुठे आहेत?

मी घाटकोपरला राहतो, नोकरी करतो, पण आमचे घर फलटण तालुक्यातले आणि धंदा मेंढ्यांचा. वडील अजूनही दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढ्या आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी वर येतात. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, मागे कुत्री. लांडग्याशी आमचा संबंध कॅमेऱ्याचा नाही आणि बंदुकीचाही नाही. आमच्याकडे बंदूक कधीच नव्हती. आमचा संबंध वाघरीचा आहे. वाघर म्हणजे रात्री मेंढ्यांभोवती खुंट्यांवर लावायची सुताची जाळी. ती लांडग्याला अडवते असे नाही, मेंढ्यांना आत धरून ठेवते. लांडगा जवळ आला की मेंढ्या एका अंगाला लोटतात, वाघर पडते, आणि मग अंधारात चारशे मेंढ्या रानभर. लांडगा नेतो एक. बाकीच्या गोळा करण्यात रात्र जाते आणि त्यातल्या दोन-चार ओढ्यात पाय मोडून घेतात.

शाळेत ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट शिकवतात. मुलगा खोटे बोलला, त्याला अद्दल घडली, सगळे खूश. मेंढ्या कोणाच्या होत्या आणि नुकसान कोणाचे झाले, हे आमच्या गुरुजींनीही कधी विचारले नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. वडिलांचा वाडा एका बागायतदाराच्या शेतात बसला होता. खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात, त्याचे शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. पहाटे लांडग्याने एक गाभण मेंढी धरली आणि तिथेच टाकली. वनखात्याकडून भरपाई मिळते हे वडिलांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी फोन केला. उत्तर आले की मेंढी जागची हलवू नका, पंचनाम्याला माणूस येईल. इकडे शेतकरी म्हणाला, ठरलेल्या रात्री संपल्या, आज वाडा उठवा, उद्या नांगर आहे. वाडा पुढे गेला आणि वडील एका मेलेल्या मेंढीपाशी दिवसभर बसून राहिले. माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तोवर रात्री गावातल्या कुत्र्यांनी तिचे पोट फाडले होते. खाल्ले ते लांडग्याने की कुत्र्याने, हे ठरेना. कागदावर ‘भटकी कुत्री’ लागले आणि विषय संपला. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे चाळीस गावे आणि एक मोटारसायकल होती.

आता आमचाही दोष सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. आमच्या आज्याने लांडग्याच्या बिळाच्या तोंडाशी दगड रचले होते, आत पिल्ले असताना. हे आमच्या घरात कोणी लपवत नाही. लांडगा असा मेला आहे ताई, गोळीने थोडाच मेला आहे. आता आमचे लोक तसे करत नाहीत. काही कायद्याच्या भीतीने, आणि काही जण म्हणतात की तोही माळाचाच, त्याचा वाटा तो नेणार. पण माळच फोडून ऊस लागला आहे, तिथे त्याला ससा नाही आणि आम्हाला चराई नाही. वर गावोगावची मोकाट कुत्री आहेत. त्यांचे रोग लांडग्यांना लागतात आणि संकरही होतो, असे अभ्यास करणारी पोरे आमच्या वाड्यावर येऊन सांगतात.

तुम्ही लांडगा जरूर ठेवा. मारण्यासाठी ठेवा किंवा फोटोसाठी ठेवा, त्यावर माझे काही म्हणणे नाही. पण लांडगा रात्री वाड्याशी येतो, कुत्रे भुंकते, आणि मेंढपाळाच्या हाती बॅटरी आणि काठी याखेरीज काही नसते, हा प्रसंग त्यात येऊ द्या. त्या रात्री खेळाडूला मेंढपाळ करा. तुमचा तो मुलगा खुर्चीतून पुन्हा उठेल, याची हमी मी देतो.

गेमवाली_गोरेगाव

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी हा धागा मी स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर लावला आणि आम्ही आठही जणांनी तो वाचला. बिऱ्हाड_घोड्यावर दादांचा प्रतिसाद वाचून झाल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. मग प्रोग्रामर उठला आणि त्याने ‘हल्ला’ ही अवस्था खोडून टाकली. ती त्यानेच लिहिली होती, त्यामुळे हे सोपे नव्हते.

आतापर्यंत ठरले ते असे. अमेरिकेच्या खोऱ्यात लांडगा असेल आणि तो मारताही येईल, परंतु हंगाम सर्व खेळाडूंचा मिळून एकच असेल आणि मर्यादा भरल्यावर तो थोडा उशिरा बंद होईल. विस्कॉन्सिनचे गणित आम्ही जसेच्या तसे घेत आहोत आणि नकाशाच्या कोपऱ्यात सालही लिहीत आहोत. तिथला लांडगा माणसाचा वास येताच निघून जाईल. चाचणीत पहिल्या खेळाडूला तो एक तास चाळीस मिनिटांनी, अकरा सेकंद दिसला. ‘हे फार कमी आहे’ अशी त्याची तक्रार आहे आणि ती आम्ही तूर्त ऐकणार नाही. ‘मागे वळून पाहणे’ या हालचालीवर ॲनिमेटरचे चार दिवस गेले आहेत. मान वळते, पण खांदा अजून कुत्र्याचाच वाटतो.

माळरानावर बंदूक येणार नाही. प्रकाशकाला कायद्याऐवजी खरेपणाचा मुद्दा सांगितला. त्याने अद्याप होकार दिलेला नाही, आणि दिवाळीची तारीख बहुधा हातची जाईल. त्याचे काय होईल ते होवो. रात्रीच्या वाड्याचा प्रसंग मात्र आम्ही घेत आहोत, आणि सकाळी पंचनाम्याची वाट पाहायची की वाड्यामागे जायचे, हा निर्णय खेळाडूला घ्यावा लागेल.

दादा, आमच्या चित्रकाराची एक विनंती आहे. वाघर किती उंच असते आणि रात्री कुत्री तिच्या आत असतात की बाहेर? त्याने दोन्ही प्रकारे काढून पाहिले, पण चुकीचे काढायचे नाही म्हणतो.

बिऱ्हाड_घोड्यावर

आमच्या वाड्याची वाघर कंबरेच्या थोडी वर येते. मोठी कुत्री बाहेर, वाऱ्याच्या बाजूला. पिल्लू असेल तर ते म्हातारीच्या घोंगडीत. घोडा थोडा लांब बांधतात, पण दिसेल असा. लांडग्याची चाहूल कित्येकदा कुत्र्याच्या आधी त्यालाच लागते, म्हणून चित्रात त्याचे कान उभे दाखवा. बाकी काही लागले तर रविवारी घाटकोपरला या, वडील पुढच्या आठवड्यात दोन दिवस इकडे आहेत.